एकाच गावात दहा वर्षं

परवा रविवारी सकाळी सलूनमध्ये नंबर लावून बसलो होतो. भिंतीवरच्या टीव्हीवर झी मराठीच्या 'चला हवा येऊ द्या' या विनोदी कार्यक्रमाचा कुठलातरी जुना भाग चालू होता. स्किट संपलं, खाकी कपड्यांतला सागर कारंडे पोस्टमन होऊन आत आला, खांद्याच्या पिशवीतून त्याने पत्र काढलं आणि वाचायला घेतलं. दोन-चार ओळी झाल्या असतील. कारागिराने एका हातात वस्तरा तसाच धरून दुसऱ्या हाताने रिमोट उचलला आणि क्रिकेट लावलं. बाकावर बसलेल्यांपैकी कोणी मान वर केली नाही. कोणी 'राहू दे ना' म्हणालं नाही. हाच कारागीर २०१५-१६ च्या सुमारास रविवारी दुपारी पुनःप्रक्षेपण लागलं की पत्र संपेपर्यंत कात्री थांबवायचा. गिऱ्हाईक अर्ध्या कापलेल्या केसांनिशी आरशातून उलटा टीव्ही बघत बसायचं आणि तक्रार करायचं नाही. सोमवारी दुकान बंद, म्हणून सोमवारचा भाग तो घरी निवांत पाहायचा आणि मंगळवारी येईल त्याला भाऊ कदमच्या नकलेसकट सांगायचा. त्या माणसाला आता पत्र पुरं ऐकावंसं वाटलं नाही.

ते मनातून जाईना.

मार्च २०२४ मध्ये कार्यक्रम बंद झाला तेव्हा बातमी वाचून आम्ही पान उलटलं होतं. घरात कोणी हळहळलं नाही. त्याआधीची दोन-तीन वर्षं तो कधी असतो, कोणत्या वारी असतो हेही कोणाला नीट ठाऊक नव्हतं. ज्या कार्यक्रमासाठी आमच्या घरी सोमवार-मंगळवारची जेवणं साडेनवाच्या आत उरकायची, आई ओटा पुसता पुसता 'लागलं का रे?' म्हणून आतून हाक द्यायची, तो असा कोणाच्या ध्यानीमनी नसताना संपावा, याचं कारण मला शोधावंसं वाटतंय. 'दर्जा घसरला' हे दोन शब्द सगळे म्हणतात. ते खोटे नाहीत, पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही. माणसं तीच होती, अंगातली कलाही तीच होती. मग घसरलं काय?

ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यात काय होतं ते आठवून पाहतो. निलेश साबळे हा पेशाने डॉक्टर असलेला माणूस, लिहिणार तोच, बसवणार तोच, आणि 'हसताय ना? हसायलाच पाहिजे!' म्हणत समोर उभा राहणारही तोच. भारत गणेशपुरेंचं वऱ्हाडी. टीव्हीवर वऱ्हाडी तोवर बहुतेक गड्याच्या नाहीतर अडाण्याच्या तोंडी यायची. गणेशपुरे ती ऐटीत बोलायचे आणि बाकीच्यांनी ती समजून घ्यायची. कुशल बद्रिकेची धावपळ. इतक्या पुरुषांच्या गराड्यात एकटी श्रेया बुगडे, कोणाचीही नक्कल अशी करायची की मूळ बाईही हसून बेजार व्हावी. आणि भाऊ कदम. भाऊ कदमचं काय सांगावं! हा माणूस काही करतच नाही असं वाटायचं. समोरचा तावातावाने बोलतोय, हा हात मांड्यांना लावून उभा. नजर हळूच खाली जायची, ओठ एकदा मिटायचे, मग पुन्हा वर बघायचा आणि एखादं 'हो का' टाकायचा. हशा त्या 'हो का'ला नसायचाच. तो नजर खाली गेली तिथेच सुरू व्हायचा. तालमीत बसवून येणारी ही गोष्ट नाही. लोकांसमोर पुष्कळ उभं राहिलेल्या माणसालाच ती येते.

मी जुन्नर तालुक्यातला. नारायणगाव आमच्यापासून जवळ. गुढीपाडव्याच्या आसपास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी ठरवतात. आमच्या गावच्या जत्रेसाठी आबा, म्हणजे माझे आजोबा, कमिटीतर्फे जायचे आणि मला बरोबर न्यायचे. जत्रेच्या दिवशी दुपारी आखाड्यात कुस्त्या चालू असायच्या तेव्हा फडाचा ट्रक यायचा. मला सगळ्यांत नवल वाटायचं ते सोंगाड्याचं, म्हणजे फडातल्या विनोदी नटाचं. रात्री जो माणूस गाव डोक्यावर घेणार, तो दुपारी बनियनवर चहाच्या टपरीवर बसलेला असायचा, तोंडाला रंग नाही, काही नाही. एकदा तो आबांशेजारी बसून विचारत होता, "पाटील, औंदा गावात काय नवं?" आबांनी सहज सांगितलं की पाण्याची टाकी बांधून झाली, पण मोटार काही बसत नाही, सरपंच रोज उद्याचा वायदा करतो. सोंगाड्याने मान हलवली, चहा संपवला, बशी उपडी ठेवली आणि उठला. रात्री बतावणीत, म्हणजे तमाशातल्या विनोदी सवाल-जवाबात, राजाने प्रधानाला विचारलं, "प्रधानजी, नगरीची हालहवाल काय?" प्रधान झालेला सोंगाडी म्हणाला, "महाराज, टाकी झाली, मोटार उद्या." सगळा मांडव उसळला. सरपंच पहिल्या रांगेत बसलेला, तोही हसला. त्याला हसावंच लागलं. पुढच्या आठवड्यात मोटार बसली की नाही हे मला आठवत नाही, पण ती रात्र आठवते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्यांना, म्हणजे फडाच्या सकाळच्या खेळाला, आबांनी त्या सोंगाड्याच्या हातात कौतुकाने ठेवलेली नोट आठवते.

'हवा येऊ द्या' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो सोंगाडी दिसला. कार्यक्रमातलं थुकरटवाडी नावाचं गाव, गावात येणारे पाहुणे, पाहुण्यांच्याच सिनेमावर त्यांच्या तोंडासमोर केलेली बतावणी, आणि पहिल्या रांगेतल्या सरपंचासारखा सोफ्यावर बसून हसणारा नायक. साडी नेसलेले सागर कारंडे आणि भाऊ कदम म्हणजे तमाशाच्या गौळणीतली मावशीच. शहरातल्या काही मित्रांना ते बघून नाक मुरडावंसं वाटायचं. मला वाटायचं नाही, कारण आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या मावशी पुरुषच होत आलाय आणि बायाबापड्या त्याला हसत आल्यात. मुंबई दूरदर्शनवर विनायक चासकरांचा 'गजरा' होता. त्याचं नाव आमच्या आधीची पिढी अजून जिव्हाळ्याने काढते, आणि तो जिव्हाळा खरा आहे. पण गावच्या मांडवाचा धसमुसळेपणा सगळ्या मराठी घरांत एकाच वेळी पोचवला तो या कार्यक्रमाने, असं मी ठामपणे म्हणेन.

त्याचा धंद्याचा भागही समजून घेतला पाहिजे, कारण चढणं आणि उतरणं दोन्ही तिथूनच झालं. शुक्रवारी सिनेमा लागायचा. त्याआधीच्या सोमवार-मंगळवारी सिनेमाची सगळी मंडळी थुकरटवाडीत. वर्तमानपत्रात पानभर जाहिरात द्यायला ज्या निर्मात्याकडे पैसा नाही, त्यालाही अख्खा महाराष्ट्र तासभर मिळायचा. थोड्याच काळात अशी वेळ आली की सिनेमा पूर्ण झाला का, सेन्सॉर झालं का, याच्या बरोबरीने 'हवा येऊ द्यात जाणार का?' हा प्रश्न विचारला जाऊ लागला. २०१६ मध्ये 'सैराट'ची मंडळी आली तेव्हा रिंकू आणि आकाश ही दोन नवखी पोरं त्या सोफ्यावर अवघडून बसलेली आम्ही पाहिली आणि काही आठवड्यांत तीच पोरं घराघरांत झाली. हिंदीतले लोकही येऊ लागले. शाहरुख खान मराठी वाहिनीवर येऊन मराठी नटांसमोर पोट धरून हसतोय, हे पाहताना आईच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मी विसरणार नाही. तोवर आम्हीच त्यांच्या दारात जात आलो होतो. ते आमच्या वाडीत आले, याचं तिला खरंच अप्रूप होतं आणि मलाही होतं.

पण पाहुण्यांचं हसणं ही पहिली फट होती, असं आता वाटतं. सुरुवातीला पाहुणा खरंच सापडायचा. त्याच्यावर काय येणार हे त्याला ठाऊक नसायचं. पुढे पाहुणा हसायच्या तयारीनेच येऊ लागला. त्याला सिनेमा विकायचा होता, म्हणून हसणं भाग होतं. कॅमेरा दर अर्ध्या मिनिटाला सोफ्याकडे वळायचा, कोणीतरी मांडीवर थाप मारायचं, कोणीतरी शेजाऱ्याच्या खांद्यावर कोसळायचं. घरी बसलेल्या माणसाला खोटं हसू लगेच कळतं. ज्या विनोदाला आपल्याला हसू येत नाही, त्याला समोरचे लोटपोट होताना दिसले की माणूस कार्यक्रमापासून दोन पावलं लांब जातो.

आणि ते पत्र.

अरविंद जगताप लिहायचे आणि कारंडे वाचायचे. अर्धा-पाऊण तास दंगा झाल्यावर तो पोस्टमन यायचा आणि शेतकऱ्याचं, सैनिकाचं, कधी म्हाताऱ्या आईचं पत्र वाचायचा. विनोदी कार्यक्रमात माणसांना असं गप्प करायला धाडस लागतं. लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं तो काळ. दुष्काळ बातम्यांत आकड्यांचा असायचा, पत्रात माणसांचा. कारंडेंची वाचायची रीत मला फार आवडायची. आवाज चढवायचे नाहीत. जिथे गळा दाटणार असं वाटायचं, तिथे वेग वाढवून पुढचं वाक्य घ्यायचे, आणि त्यामुळे गळा आपला दाटायचा. हसवून झाल्यावर लोकांची मनं सैल असतात, तेव्हा सांगितलेलं आत जातं; कीर्तनकारांना हे शेकडो वर्षं माहीत आहे. टीव्हीवर ते कोणी इतक्या साधेपणाने केलं नव्हतं. पण त्याचंही पुढे ठरलेलं झालं. पत्र येणार, पाहुणा डोळे टिपणार, कॅमेरा जवळ जाणार. रडणंही हसण्यासारखंच वेळापत्रकात बसलं. लिहिणाऱ्याची शाई आटली होती असं मी म्हणणार नाही, पुष्कळ पत्रं शेवटपर्यंत चांगली होती. ऐकणाऱ्याचे कान मात्र सरावले होते.

इथे मला पुन्हा तो टपरीवरचा सोंगाडी आठवतो. त्याची बतावणी आमच्या गावासाठी नवीकोरी नव्हतीच. टाकी-मोटारीचा एक तुकडा सोडला तर बाकी सगळं त्याने आदल्या रात्री शेजारच्या गावात केलेलं होतं आणि उद्या तिसऱ्या गावात करणार होता. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत गावं मागे टाकत फिरतो. विनोद तोच, वग तोच, गाव नवं. एकाच बतावणीला रोज नवी माणसं मिळतात, म्हणून ती घासून घासून धारदार होते. कुठे थांबायचं, कुठे टाळी येते, हे शंभर गावांत तपासून झालेलं असतं. टीव्हीने हे सगळं उलटं केलं. नट तेच, आणि गावही तेच. आठवड्याला दोन भाग म्हणजे वर्षाला शंभराच्या घरात नव्या बतावण्या, त्याही रोज त्याच मांडवात बसलेल्या त्याच प्रेक्षकासमोर. घासायला वेळ नाही, तपासायला दुसरं गाव नाही. जगातला कुठलाही सोंगाडी यात दमेल. ही मंडळी दहा वर्षं टिकली, हेच मला त्यांचं मोठेपण वाटतं.

वाहिनीला हे कुठेतरी कळत असावं, कारण त्यांनी फड हलवायचा प्रयत्न केला. महाराष्ट्र दौरा केला, तो काळ मला सर्वांत रसरशीत वाटतो. मोकळं मैदान, हजारोंची गर्दी, त्या त्या जिल्ह्याची बोली आणि खोड्या. स्टुडिओत जे नट घड्याळाकडे बघत काम करतात असं वाटू लागलं होतं, तेच मैदानात उभे राहिले की अंगात आल्यासारखे खेळायचे. पुढे मग हावरेपणा झाला. भारत दौरा, विश्व दौरा. परदेशातल्या मराठी मंडळांना आनंद झाला असेल आणि त्यांचा तो हक्कच आहे, पण थुकरटवाडी विमानात बसली तेव्हा ती वाडी राहिली नाही. मागे सुंदर इमारती दिसत होत्या आणि पुढे तेच स्किट चाललं होतं. त्यानंतर नवी नावं देऊन नवी पर्वं आली: 'होऊ दे व्हायरल', 'शेलिब्रिटी पॅटर्न', 'लेडीज जिंदाबाद'. प्रत्येकात एखादा चांगला नट सापडायचा, पण पर्व बदललं म्हणून गाव बदलत नाही.

नवा विनोद सुचायला वेळ मिळाला नाही की हात सोप्या गोष्टींकडे जातो. रंग, जाडी, दात, टक्कल. कोणी सावळा आहे म्हणून हशा, कोणी जाड आहे म्हणून हशा. मावशीची थट्टा तिच्या ठसक्याची असते, तिच्या फटकळ तोंडाची असते. इथे हळूहळू साडी नेसलेला पुरुष दिसला की तेवढ्यावरच हसायचं असं ठरून गेलं. माझी भाची तेव्हा सातवीत होती. वर्गात तिला त्या कार्यक्रमातलाच एक शब्द तिच्या रंगावरून चिकटला. तिने घरी येऊन काही सांगितलं नाही; फक्त मंगळवारी सगळे टीव्हीसमोर बसले की ती आत जाऊन अभ्यासाला बसायची. कारण कळलं तेव्हा माझ्या बहिणीने शांतपणे चॅनल बदललं, आणि त्यांच्या घरातून तो कार्यक्रम गेला. मला हे लिहिताना वाईट वाटतंय, कारण याच माणसांनी त्या मुलीला पोटभर हसवलंही होतं.

सोंगाड्याला जी मुभा होती ती यांना नव्हती, हेही खरं. आमच्या सरपंचाला हसावं लागलं, कारण सगळं गाव समोर होतं आणि उद्या सकाळी त्याच गावात त्याला राहायचं होतं. टीव्हीवरच्या नकलेचा तुकडा कापून फोनवर फिरतो, ज्याने पूर्ण भाग पाहिला नाही त्याच्यापर्यंत जातो आणि तो चिडतो. एका नेत्याच्या नकलेवरून त्याचे समर्थक नाराज झाले, साबळेंना माफी मागावी लागली, असं घडलं. असं झालं की लिहिणारा पुढच्या वेळी टाकीची मोटार सोडून देतो आणि जाडीवर विनोद करतो. जाड माणसांची संघटना नसते.

बाकी जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, फोनवर सगळं फुकट दिसू लागलं आणि साडेनऊची वेळ पाळायची गरज संपली. २०१८ मध्ये सोनी मराठी सुरू झाली, 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आली. तिथे समीर चौघुले, विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव अशी कसलेली मंडळी, आणि ओझं पुष्कळ खांद्यांवर वाटलेलं. इकडे एकाच माणसाने लिहायचं, बसवायचं आणि बोलायचंही. टाळेबंदीनंतर प्रेक्षक परतला तो तिकडे. इकडे सागर कारंडे बाहेर पडले, शेवटी साबळेही. कार्यक्रम थांबला आणि दीड महिन्याच्या आतच साबळे आणि भाऊ कदम कलर्स मराठीवर दिसले, तेही त्याच आवडत्या वाक्याचं नाव दिलेल्या नव्या कार्यक्रमात. मी उत्सुकतेने लावला होता. माणसं आवडतीच होती, पण दुसऱ्या फडात जाऊनही गाव पुन्हा तेच होतं, आणि काही महिन्यांत तोही आटोपला.

जुलै २०२५ मध्ये झी मराठीने थुकरटवाडी पुन्हा उभी केली. सूत्रं अभिजीत खांडकेकरकडे, जुन्यांपैकी गणेशपुरे, कुशल, श्रेया, आणि जोडीला हास्यजत्रेतून घराघरांत पोचलेला गौरव मोरे. साबळे नाहीत, भाऊ नाहीत, हे पहिल्याच मिनिटाला जाणवलं. तरी महाराष्ट्रभरातून निवडून आणलेली नवी पोरं-पोरी मंचावर येताना पाहून मी खुर्ची पुढे ओढून बसलो. त्यांतल्या काहींचं पाठांतर दिसत होतं, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं, पण स्वतःच्या गावचं काहीतरी ती बरोबर घेऊन आली होती. या पोरांना घासायला वेळ मिळेल का, याचीच मला काळजी वाटली.

आबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. ते सांगायचे की पावसाळा लागला की फडमालक सगळ्यांना घरी पाठवतो. सोंगाडी आपल्या रानात जातो, ढोलकीवाला ढोलकीला नवी पानं चढवून घेतो, आणि वग लिहिणारा चार महिने वग लिहीत बसतो. एखाद्या वाहिनीने एवढं करून बघावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. दसऱ्याला सुरू करा, वैशाखात थांबवा, आणि मधल्या महिन्यांत नटांना आणि लिहिणाऱ्यांना कॅमेऱ्याशिवाय गावांत फिरू द्या, टपरीवर बसू द्या, विचारू द्या की औंदा काय नवं. साबळे, भाऊ कदम, कारंडे, श्रेया यांच्या अंगात अजून किती शिल्लक आहे ते मला ठाऊक आहे. त्यांचं काम संपलेलं नाही.